भाऊ, तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हा

दिवाकरभाऊ,

तुम्ही आमच्या टोल्यावर, या जंगलातल्या वस्तीवर, यायच्या कितीतरी आधीपासून आम्ही जमीन लपवत होतो. लोक दागिने लपवतात, मोहाची दारू लपवतात. आम्ही वावर लपवायचो. नाल्यापलीकडे टेकाडावर चैतूआजाचं घर. तो गोंड, आम्ही बौद्ध. आमच्यात सोयरीक नव्हती, पण हाळी होती. जंगलाच्या रस्त्यावर जीप दिसली की चैतूआजा गुरं हाकलल्यासारखी लांब हाळी द्यायचा. ती कानावर पडली की बाबा बैल सोडून झाडीत घालायचा, नांगर पळसाच्या गचपणात टाकायचा. माय राखणीची झोपडी स्वतःच्या हातानं पाडायची, बांबू इकडेतिकडे फेकून द्यायची, धुऱ्यांवर काट्याच्या फांद्या ओढायची. मग आम्ही सगळे सरपण वेचायला आल्यासारखे उभे राहायचो. कोणी विचारलं तर बाबाचं उत्तर ठरलेलं, "आमचं नाई साहेब. कोनाचं हाये मालूम नाई."

हे उत्तर आज्यापासून आलेलं. आज्यानं तरुणपणी एकदाच "माझं आहे" म्हटलं होतं. त्याला धरून नेलं. परत आला तेव्हा त्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि मरेपर्यंत तो वावराबद्दल कोणाशी बोलला नाही. मग घरात नियमच झाला. एका साली लोंब्या भरलेल्या धानात कोणीतरी गुरं सोडली. माय डोक्यावर भारा घेऊन लांबून पाहत राहिली. रडली नाही, कारण लोकाच्या धानासाठी कोणी रडत नसतं. शाळेत गुरुजींनी विचारलं, बाप काय करतो, तर आम्हा भावंडांना पढवलेलं होतं, "मजुरी." शेती म्हणायचं नाही. त्या काळी सरकारी भाषेत आम्हाला जबरानजोतवाले म्हणत. ज्या जमिनीचे दगड वेचता वेचता माझ्या आजीची कंबर वाकली, तिथे आम्ही जबरदस्तीनं घुसलेलो होतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हालाही हाळीच मिळाली, आठवतं? तुमची मोटारसायकल चैतूआजाला दिसली आणि सगळा टोला रिकामा झाला. तुम्ही मोहाच्या झाडाखाली एकटेच बसलात. मी तेव्हा अहेरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आलेली. एवढं शिकून लपायची लाज वाटली म्हणून बाहेर आले.

"कोन पायजे?" मी विचारलं.

"मानसं पायजेत," तुम्ही म्हणालात. "मी वकील हाये बाप्पा, वाघ नोहोय. तुमच्या गावात वाघाले इतके भेत नसन."

"वाघ कागद मागत नाई," मी म्हटलं.

तुम्ही इतके हसलात की झुडपामागून बाबाचं डोकं वर आलं.

त्या दिवशी तुम्ही वनहक्काचा कायदा समजावला. आदिवासींना एक अट, आम्हाला वेगळी. आम्ही आदिवासी नाही, त्यामुळे तीन पिढ्यांपासून इथेच राहतो, याच जंगलावर जगतो, हे दाखवायचं. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो, आणि जमिनीवरच्या खुणा चालतात. धुरे, विहीर, झोपडी, समतल केलेली धानाची बांधी. बाबानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आमी ज्या खुना लपवतो त्याच दाखवाच्या?" तुम्ही म्हणालात, "होय, सुखदेवभाऊ. आता त्याच दाखवाच्या."

दावा मी लिहिला. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, आणि माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग तो होता. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. तुम्ही वाचून एक ओळही खोडली नाही. फक्त म्हणालात, "अक्षर जजापेक्षा चांगलं हाये." कारण तुम्ही स्वतः जज राहिलेले. आपल्या भागातला आपल्या समाजाचा पहिला वकील, मग न्यायाधीश, मग नोकरी सोडून परत वकील. ते का, हे मला नंतर कळलं आणि आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

आधी पाहणीचं सांगते. मोका पाहणीचा, म्हणजे साहेबांनी जागेवर येऊन जमीन पाहायचा, दिवस ठरला. तुम्ही निरोप धाडला, शेत साफ करून ठेवा, झोपडी उभी ठेवा, मी स्वतः येतो. पण पाहणीचे साहेब आदल्या दिवशीच आले. काय कारण होतं देव जाणे, असं मी लिहिणार होते, पण तुम्ही देव मानत नव्हता, तेव्हा कोणी जाणत नाही असंच म्हणते. चैतूआजाला जीप दिसली. जीपमध्ये खाकी कपडे दिसले. त्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. हाळी दिली.

आणि बाबानं बैल झाडीत घातले.

मी त्या दिवशी घरी नव्हते. मायनं सांगितलं ते असं. झोपडी पाडताना तिचे हात मध्येच थांबले होते, पण बाबा ओरडला, "फेक फेक!" साहेबांनी विचारलं, "हा दावा तुमचा ना?" बाबानं दाव्याकडे पाहिलं, खाकी कपड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आमचं नाई साहेब. कोनाचं हाये मालूम नाई." त्यांनी तसं पंचनाम्यात लिहिलं. वाचून दाखवलं. बाबानं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा बाबा मोहाखाली गुडघ्यात मान घालून बसला होता. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही चिडला नाहीत, ते जास्त भयंकर होतं. तुम्ही जमिनीवर पडलेला एक बांबू उचलून बाजूला ठेवलात.

"सुखदेवभाऊ, काऊन?"

"मालूम नाई. तोंडातून निंगून गेलं."

चैतूआजाही आला होता. "मी हाळी देल्ली," म्हणाला. "मलेच बांधा."

"तुमाले काऊन बांधू, आजा?" तुम्ही म्हणालात. "तुमी दोस्ती निभावली."

मग तुम्ही मला तुमच्या कोर्टाची गोष्ट सांगितलीत. दूरच्या तालुक्यात तुम्ही खुर्चीवर बसायचात, समोर गरीब माणसं यायची. गुन्हा कबूल आहे का विचारायच्या आतच काही जण "हो साहेब" म्हणायचे, सुटका व्हावी म्हणून. काही जण शेवटपर्यंत "नाही साहेब" म्हणायचे. "मी दोन्ही लिहून घ्यायचो," तुम्ही म्हणालात. "कायद्यानं माझं बरोबर होतं. एक दिवस लक्षात आलं की मी जबाब लिहीत नाई, भेव लिहून राह्यलो. मग मन लागलं नाई. सोडून देल्लं."

तुम्हाला वाटलं असेल मी हेलावून जाईन. मी म्हटलं, "मग तुमच्या खुर्चीवर जो बसला, त्यानं काय लिहिलं?"

पुढचंही मीच बोलले.

"त्यानंबी भेवच लिहिलं असन. फरक इतकाच की तुमाले तरी कळत होतं काय लिहून राह्यलो ते. त्याले ते बी नसन कळत. आपल्या मानसाले खुर्ची भेटते कधी, भाऊ? भेटली तर तुमी उठून आले."

"तुले वाटते खुर्चीत बसून सगळं होते?"

"मले वाटते उठून तर काईच होत नाई."

तुम्ही हसून विषय बदललात. तो विषय नंतर आपण कितीदा बदलला असेल! तुमच्या ऑफिसात तुमच्या टेबलाच्या कडेला बसून मी दुसऱ्यांचे दावे लिहायची, तुम्ही माझ्यासाठी चहा सांगायचात, आणि कपातला चहा संपायच्या आत आपण तिथेच येऊन पोहोचायचो.

खालच्या समितीनं आमचा दावा नामंजूर केला. कारण एकाच ओळीचं, अर्जदार स्वतःच जमीन कसत नसल्याचं सांगतो. आता जिल्हा समितीकडे अपील तेवढं उरलं. तिथेही नामंजूर झालं की संपलं, पुढे कोर्टाची वाट, आणि कोर्टाची वाट आमच्यासारख्यांच्या आयुष्यापेक्षा लांब असते. बाबाचं वय होत चाललेलं. जमीन गेली असती तर ते दोघं खरोखरच मजुरी करत मेले असते. शाळेत सांगायला जे खोटं शिकवलं ते खरं होऊन.

त्याच वर्षी तुम्ही जिल्हा परिषदेला उभे राहिलात. मी म्हटलं, शेवटी कळलं तर! गावोगाव तुमच्यासाठी फिरले, पायाला फोड आले. लोक टोमणे मारायचे, "वकिलीन बाई, भाऊ निवडून आले का तुमालेबी लाल दिवा?" मी म्हणायची, "लाल दिवा नको, आमचं वावर देऊ द्या." तुम्ही निवडून आलात. आणि मग जिल्हा समितीवर जिल्हा परिषदेच्या सदस्यांमधून तुमचं नाव गेलं. ज्या समितीसमोर आमचं अपील होतं त्याच समितीवर. बाबानं त्या दिवशी पहिल्यांदा वावराच्या मधोमध उभं राहून विडी ओढली. "आता आपला मानूस वरते हाये," म्हणाला.

सुनावणीचा दिवस मी शब्द न् शब्द सांगू शकते. पहाटेच्या एस.टी.नं आम्ही गडचिरोलीला पोहोचलो, बाबा, माय, चैतूआजा आणि मी. मायनं निळ्या काठाचं लुगडं नेसलेलं. बाबा गाडीत एकच वाक्य तोंडातल्या तोंडात घोकत होता, "माझं हाये साहेब, माझं हाये साहेब." चैतूआजा म्हणाला, "जोरात म्हन ना. कंडक्टरलेबी समजू दे." माय हसली. बाबा हसला नाही.

दालनात लांब टेबल. अध्यक्ष साहेब मधे, बाकीचे बाजूला, उजवीकडे तुम्ही. पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. तुम्ही आमच्याकडे पाहिलं आणि मान थोडी हलवली. माझा जीव भांड्यात पडला. मग आमचं नाव पुकारलं गेलं, आणि तुम्ही उभे राहिलात.

मला वाटलं बोलायला उठलात.

"अध्यक्ष महोदय, या दाव्याचं काम मी वकील म्हणून पाहिलेलं आहे. या प्रकरणात मी समितीत बसणं योग्य नाही." आणि खुर्ची मागे सरकवून तुम्ही दाराकडे चालू लागलात. आमच्या शेजारून गेलात. बाबानं तुमच्याकडे हात केला, जसा एस.टी.ला करतात. तुम्ही थांबला नाहीत.

दार लागलं.

अध्यक्ष साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "सुखदेव, ही जमीन तुम्ही कसता?"

बाबा रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. आणि भाऊ, माझ्या बापानं सगळ्या रस्त्यानं घोकलेलं वाक्य गिळलं आणि जुनं वाक्य काढलं.

"आमचं नाई साहेब."

दालनात कोणीतरी पेन टेबलावर ठेवलं. तो आवाज मला ऐकू आला. मी उठले, "साहेब, ते घाबरून..." साहेब म्हणाले, "ताई, अर्जदारांना बोलू द्या." एक सदस्य दुसऱ्याच्या कानाशी काही बोलला. साहेबांनी पुढचा कागद हातात घेतला. सगळं संपत होतं, आणि तुम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतात.

तेवढ्यात माय बोलली.

"खोटं बोलते तो."

सगळे तिच्याकडे वळले. ती कधी सरकारी खोलीत आली नव्हती, बोलणं तर दूरच. दाव्यावर तिचंही नाव आहे, हे साहेबांनी कागदात पाहिलं. म्हणाले, "बोला बाई."

"लगन झाल्यापासून एकच वाक्य बोलते तो, तुमच्यासारखं कोनी दिसलं का. त्याच्या बापानं शिकवलं. मीबी त्याच्यासंगं उभी राहो." ती थांबली. तिनं पदर दातात धरला नाही. "किती डाव मी माझी झोपडी पाडली. धुऱ्यावर काटे टाकले, हातात रुतले. साहेब, तुमी मले सांगा. जे आपलं नोहोय ते कोन लपवते?"

तिनं दोन्ही तळहात पुढे केले.

"लोकाच्या वावराचे धुरे मी काऊन झाकू? माह्या हाताले का खाज होती?"

एका सदस्याला हसू आलं, त्यानं ते रुमालात लपवलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी चैतूआजाला पुढे बोलावलं. "तुम्ही काय सांगता?"

"मी हाळी देत होतो," चैतूआजा म्हणाला. "याच्यासाठी. याच्या बापासाठीबी. याच्या आज्याच्या टायमाले माहा बाप द्यायचा, मी लहान होतो, त्याच्या खांद्यावर बसून पायलं." मग थोडं थांबून, "लय जुनी नोकरी हाये साहेब. पेन्शन नाई."

साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग बाबाला पुन्हा विचारलं, या वेळी वेगळं. "झोपडी कुठे होती, ते दाखवाल?"

बाबानं मायकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दाखवन."

दुसऱ्या पाहणीचा आदेश झाला. निकाल नव्हता तो, फक्त पुन्हा पाहायचं. आम्ही बाहेर आलो. तुम्ही खांबाला टेकून उभे होतात. काय झालं, असं तुम्ही डोळ्यांनी विचारलं, आणि मी जे बोलले ते व्हरांड्यातल्या शिपायानंही ऐकलं.

"तुमी तुमचं नाव सांभाळलं, भाऊ. माह्या मायनं वावर सांभाळलं."

तुम्ही चिडलात. त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेले पाहिले तुम्हाला. "मी आत बसलो असतो अन दावा मंजूर झाला असता, तर उद्या कोनीबी म्हनलं असतं, वकिलानं आपल्या मानसाले वाटून देल्लं. तुह्या बापाचं वावर माह्या मेहेरबानीचं झालं असतं."

"बाकीचे उठत नाईत. ज्याच्या भाऊबंदाचं, ज्याच्या ठेकेदाराचं काम येते, ते सगळे बसून राहतात. उठाचं फक्त आमीच?"

"होय," तुम्ही म्हणालात. "आपल्यालेच उठाव लागते. आपन एकदा चुकीचे बसलो का पुढच्या पोट्ट्यांले कोनी खुर्ची देत नाई."

"न बसून तरी कोन देते?"

बाबा मध्ये पडला, "चाला आता, गाडी जाईन." परतीच्या गाडीत मी तुमच्याबद्दल काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माय ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ते आत असते त मी नसती बोलली." मी म्हटलं, म्हणून काय झालं? ती म्हणाली, "काई नाई. सांगतलं." मी त्याचा अर्थ काढत बसले नाही. आजही मला वाटतं की माय बोलली हे तिचं कर्तृत्व आहे, तुमच्या उठण्याचं नाही. आणि ती नसती बोलली तर? भाऊ, तुमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तुमचं तत्त्व उभं राहिलं ते आमच्या जमिनीवर पाय देऊन.

हे सगळं मी तुम्हाला तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यातही सांगितलं. नाकात नळी, हाताला सुई, आणि तरी तुम्ही विचारलं, "दुसरी पाहनी झाली?"

"झाली. बाबानं नांगर लपवाची जागाबी दाखवली."

"हाळी?"

"चैतूआजानं देल्ली. पन या डाव सगळे वावरात आले."

तुम्ही डोळे मिटून हसलात. मग विचारलं, "अजून राग हाये माह्यावर?"

"हाये."

"असू दे," तुम्ही म्हणालात. "वकिली पुरी शिकून घे. राग कामात येते."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं लोक अशा वेळी लिहितात. मला तसं वाटत नाही. तुम्ही मला खोटं गोड बोलायला कधी शिकवलं नाही, मरणाच्या पलंगाशी मी ते कसं सुरू करणार होते? पण एक सांगायचं खरंच राहून गेलं. त्या मोहाखाली, पहिल्या दिवशी, तुम्ही माझ्या बापाला "सुखदेवभाऊ" म्हणालात. चष्मा लावलेल्या, बुटातल्या माणसानं त्याला भाऊ म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. घरी जाऊन तो मायला म्हणाला, "वकील मले भाऊ म्हनते." दोनदा म्हणाला. याबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण आपण दरवेळी भांडतच होतो.

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप अपुरा पडला. एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं, दिवाकररावांनी पदाचा कधी मोह धरला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून म्हणावंसं वाटलं, थोडा धरायला हवा होता. नाही म्हटलं. तुमची मुलगी समोर बसली होती.

तुमच्या खुर्चीवर आता दुसरं कोणी येईल. मी लॉच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे, हे तुम्हाला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. मला कधी खुर्ची मिळाली आणि समोर माझ्याच माणसाचं प्रकरण आलं, तर मी काय करीन, हे मला अजून ठरवता येत नाही. इतके दिवस मला वाटायचं, ठरलेलं आहे.

तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात जिल्हा समितीचा निर्णय आला. आमचा दावा मंजूर झाला. जमिनीचा पट्टा मायच्या आणि बाबाच्या, दोघांच्या नावानं निघाला, आणि तो कोणाच्या मेहेरबानीनं निघालेला नाही.

सुजाता